पहिल्यांदाच काउन्सेलरकडे जाताय? शनिवारी साडेपाचला काय होईल ते सांगते

प्रश्न असा आला आहे. वय ३३, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी. तीन महिन्यांपूर्वी महामार्गाच्या उड्डाणपुलावर गाडी चालवताना एकदम छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले, आता आपलं काही खरं नाही असं वाटलं. ईसीजी, टूडी इको, रक्त, सगळं नॉर्मल आलं. त्यानंतर आणखी चार-पाच वेळा तसंच झालं. आता पुलावर चढतच नाही, खालच्या रस्त्याने जातात. झोप उडाली आहे. हृदयाच्या डॉक्टरांनीच काउन्सेलरकडे जायला सांगितलं, म्हणून गंगापूर रोडच्या एका मॅडमची शनिवारी साडेपाचची वेळ घेतली आहे. विचारायचं आहे ते हे: तिथे नेमकं काय होतं? मला कुणापुढे बोलता येत नाही, मग काय करू? किती वेळा जावं लागेल? कंपनीत कळेल का? लहानपणचं उकरून काढतात का? बायकोला माहीत आहे, आईवडिलांना नाही.

मी गेली एकोणीस वर्षं नाशकात हेच काम करते. आधी शनिवारचंच सांगते, कारण तुमच्या डोक्यात आत्ता तेच घोळत असणार.

जागा बहुधा एखाद्या इमारतीतला फ्लॅट किंवा गाळा असेल. बाहेर तीन-चार खुर्च्या. दवाखान्यासारखी गर्दी नसते, कारण प्रत्येकाला वेगळी वेळ दिलेली असते. मी स्वतः दोन वेळांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवते, म्हणजे बाहेर पडणारा आणि आत येणारा समोरासमोर येत नाहीत. आपल्या नाशकात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, याची धास्ती सगळ्यांना असते आणि ती आम्हालाही माहीत असते. गाडी इमारतीखाली लावायचा संकोच वाटत असेल तर थोडी लांब लावा. असं करणारे तुम्ही पहिले नाही.

आत गेल्यावर एक फॉर्म भरायला देतील. नाव, वय, पत्ता, चालू असलेली औषधं, आणि अडीअडचणीला कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. त्याबरोबर एक संमतीपत्र असेल. ते वाचा. तुम्ही बोललेलं कुठे आणि कधी बाहेर जाऊ शकतं, फी किती, वेळ रद्द करायची तर किती आधी कळवायचं, हे सगळं त्यात असायला हवं. कागद दिला नाही तर तोंडी विचारा. बँकेत आपण सहीच्या जागी फुली बघून सही करून टाकतो, तसं इथे करू नका.

एक बैठक साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते. पहिल्या बैठकीतला बराचसा वेळ त्यांच्या प्रश्नांत जाईल. हे कधीपासून, दिवसातून कधी, त्या वेळी कुठे होतात, अंगात काय काय होतं. झोप, भूक, चहा-कॉफी किती, तंबाखू, दारू. घरात कोण कोण, घरात आधी कुणाला मनाचा आजार होता का. दारूबद्दल खरं सांगा. आठवड्यातून दोनदा घेत असाल तर दोनदा सांगा. तिथे कुणी तुम्हाला दोष द्यायला बसलेलं नसतं, आणि झोपेच्या तक्रारीत दारूचा वाटा बराच असू शकतो.

एक प्रश्न असा येईल की ऐकून दचकायला होतं: जगणं नकोसं वाटतं का, जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात येतं का? आम्ही तो प्रत्येकाला विचारतो. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही. आधीपासून असेल तर बोलायला वाट मिळते, इतकंच. तुमच्या मनात कधी आलं असेल तर सांगा, आलं नसेल तर नाही म्हणा.

काही जण एखादी छोटी प्रश्नावलीही देतात. त्यातल्या दोन बऱ्याच वापरात आहेत, एक नऊ प्रश्नांची उदासीबद्दल आणि एक सात प्रश्नांची चिंतेबद्दल. दोन्हीत गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं ते विचारलेलं असतं. आकडा जास्त आला म्हणून घाबरू नका. तो निकाल नाही. ताप मोजल्यासारखं आहे ते. सहा आठवड्यांनी परत मोजता येतं आणि फरक पडला की नाही ते कळतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मला बोलता येत नाही. याच्यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण बोलता येत नाही म्हणून न येणारी माणसं मी खूप ऐकली आहेत.

काही वर्षांपूर्वी दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. (माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पुतण्या घेऊन आला होता, तो बाहेर थांबला. काका आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बागेबद्दल बोलायला लागले. गोडी छाटणी कधी केली, फुलोऱ्यात पाऊस कसा आला, डावणीचा रोग कसा पसरला, फवारणीवर किती खर्च झाला, माल कुणी उचलला आणि कुणी पैसे दिले नाहीत. चाळीस मिनिटं. मी मधूनमधून विचारत होते, ते उत्तर देत होते, सगळं बागेचंच. वेळ संपत आली तसे ते उठले, टोपी घातली, दाराच्या कडीला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, औषधाच्या खोलीची चावी मी भावाकडे देऊन टाकलीय."

औषध म्हणजे फवारणीचं औषध. त्या एका वाक्यासाठी ते चाळीस मिनिटं वाट करत आले होते. मी त्यांना परत बसवलं. पुढच्या माणसाला थांबावं लागलं. त्यांच्या परवानगीने पुतण्याला आत घेतलं, भावाला फोन केला, आणि त्याच संध्याकाळी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषधं घेतली, माझ्याकडेही सात-आठ महिने येत राहिले.

तर बोलता येण्या-न येण्याचं असं असतं. कुठूनही सुरू करा. कंपनीत रिजेक्शन किती वाढलंय, ऑडिट कधी आहे, शिफ्ट कशी लागते, इथून सुरुवात केली तरी चालते. समोरचा माणूस शिकलेला असेल तर त्याला ऐकू येतं. आणि अगदीच तोंड उघडणार नसेल तर मोबाइलवर चार ओळी टाइप करून न्या आणि फोन त्यांच्या हातात द्या. तुम्ही इथे जे विचारलंत तेच दाखवलंत तरी पहिल्या बैठकीला पुरेसं आहे. तुम्ही ते फार नीट लिहिलं आहे. फक्त एक करा: जे सांगायला सगळ्यात जड जातंय, ते शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलू नका. "एक गोष्ट आहे, पण सांगायला जमत नाहीये" एवढंच म्हटलं तरी अर्धी वाट मोकळी होते.

बऱ्याच जणांची पहिल्या भेटीनंतर एक तक्रार असते: "नुसतं विचारत बसल्या, उपाय काहीच सांगितला नाही." ही तक्रार मला समजते. आपण डॉक्टरकडे जातो तेव्हा पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडते. आणि घरातले वडीलधारे तर न विचारताच सल्ला देतात: मनावर घेऊ नकोस, सकाळी चालायला जात जा, टेन्शन कुणाला नाही. तुम्हालाही हे सगळं सांगून झालं असणार, आणि त्याने पुलावरची धडधड थांबलेली नाही. काउन्सेलरने पहिल्याच दिवशी उपाय दिला तर तोही याच जातीचा असेल. तुमची धडधड कशी सुरू होते, त्या वेळी मनात पहिलं वाक्य कुठलं येतं, मग तुम्ही काय करता, हे कळल्याशिवाय उपाय बेतता येत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन भेटी या मापं घेण्याच्या असतात. मात्र तिसऱ्या भेटीच्या अखेरीस तुम्हाला दोन गोष्टी कळायला हव्यात: आपल्याला काय होतंय याचं त्यांचं म्हणणं, आणि पुढे काय करायचं ठरलंय. तोवर त्यांनी सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते.

आपल्याकडे मॅडम किंवा सर म्हणून ज्याला हाक मारतो, त्याला आपण "नाही" म्हणत नाही. पटलं नाही तरी मान डोलवतो, "हो मॅडम, करतो" म्हणतो, आणि पुढच्या वेळेला जात नाही. शाळेपासून हेच अंगवळणी पडलेलं आहे. काउन्सेलिंगच्या खोलीत या सवयीने जितकं नुकसान होतं तितकं दुसऱ्या कशानेच होत नसेल.

याची किंमत एका मुलीने माझ्यामुळे मोजली आहे. सटाण्याकडची होती, इथे हॉस्टेलला राहून शिकत होती. परीक्षेची भीती, झोप नाही. मी तिला रोज रात्री वीस मिनिटं डोळे मिटून शरीर सैल सोडण्याचा सराव शिकवला. मोठ्या उत्साहाने शिकवला. दर वेळी ती यायची, मी विचारायचे, ती म्हणायची, "छान चाललंय मॅडम." चौथ्या भेटीनंतर ती आली नाही. वर्षभराने परत आली तेव्हा म्हणाली, डोळे मिटले की मला फार भीती वाटायची. तिच्या लहानपणी अंधाऱ्या खोलीत काहीतरी घडलं होतं आणि डोळे मिटले की ती तिथेच जाऊन पोचायची. मी विचारलं, अगं मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही एवढं मनापासून शिकवत होतात, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

चूक माझी होती. "कसं चाललंय" असं विचारलं की "छान" हेच उत्तर येतं, हे मला कळायला हवं होतं. त्या मुलीचं वर्ष गेलं. तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीच्या शेवटी विचारते, "आज काय पटलं नाही?" आणि गप्प बसते. सुरुवातीला लोक गोंधळतात, मग हळूहळू सांगायला लागतात. एका आजोबांनी तर तिसऱ्या भेटीत वहीत मुद्दे काढून आणले होते, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

तुमच्या मॅडम असं विचारतील की नाही, मला माहीत नाही. म्हणून तुम्हीच बोला. "हे मला जमणार नाही." "मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं." "तुम्ही फार भरभर बोलता." यातलं काहीही. मन लावून काम करणारा काउन्सेलर याने दुखावत नाही. त्याला कामाचं काहीतरी मिळतं. उपचाराचं उद्दिष्ट दोघांना मान्य आहे का, त्यासाठी काय करायचं ते पटलंय का, आणि दोघांमध्ये विश्वास आहे का, या तीन गोष्टी उपचारातल्या नात्याचा गाभा आहेत, असं एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलं. त्यावर नंतर भरपूर अभ्यास झाला आणि उपचार लागू पडण्याचा या नात्याशी संबंध पुन्हा पुन्हा दिसून आला. तुम्ही मान डोलवून घरी गेलात तर या तिन्हींपैकी काय हुकलंय, ते समोरच्याला कळायला मार्गच उरत नाही.

तुमच्या त्रासाबद्दल थोडं. दुरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण हृदयाची तपासणी नॉर्मल आणि अशी अचानक येणारी धडधड म्हटल्यावर त्या मॅडम पॅनिक अटॅकच्या दिशेने विचार करतील असं वाटतं. यात शरीर खरोखरच धोक्याच्या वेळी वागतं तसं वागत असतं. अॅड्रिनलिन वाढतं, ठोके वाढतात, श्वास भरभर होतो. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग मन म्हणतं, बघ, नक्की काहीतरी झालंय. त्या विचाराने ठोके आणखी वाढतात. असा तो फेरा फिरत राहतो. लाट बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत सगळ्यात वर जाते आणि मग ओसरते. पण तुम्ही पूल टाळता, त्यामुळे ती आपोआप ओसरते हे शरीराला कधी कळतच नाही. पूल टाळला म्हणून वाचलो, असा हिशोब मनात पक्का बसतो.

यावर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी, चांगली लागू पडते. तिच्यात नुसतं बोलणं नसतं, गृहपाठ असतो. झटका आला की तारीख, वेळ, ठिकाण, मनात आलेलं वाक्य आणि भीती शंभरात किती, हे वहीत लिहायला सांगतील. कदाचित खोलीतच मिनिटभर जागेवर पळायला किंवा खुर्चीत गरगर फिरायला सांगतील, म्हणजे धडधड किंवा गरगर मुद्दाम आणून बघायची आणि काही होत नाही हे अनुभवायचं. विचित्र वाटेल, पण ते उपचारात बसतं. त्यानंतर पुलाची पाळी येते. एकदम नाही. आधी कुणीतरी चालवतंय आणि तुम्ही शेजारी बसलात, मग रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना तुम्ही चालवताय आणि बायको शेजारी, मग एकटे, मग संध्याकाळच्या गर्दीत. एकेका पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं. गाडीत पाण्याची बाटली, खिशात गोळी, फोनवर कुणीतरी चालू, असे आधार तुम्ही धरले असतील तर तेही हळूहळू सोडायला लावतील.

अशा कामाला आठवड्यातून एकदा, साधारण आठ ते बारा भेटी लागतात. काहींना पंधरा-सोळा लागतात. तुमच्या त्रासाला तीनच महिने झाले आहेत, ही जमेची बाजू. नंतर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असं अंतर वाढवत थांबवतात.

लहानपणचं उकरून काढतात का? तुमच्यासारख्या त्रासात सहसा फार खोल जात नाहीत. दोन-चार प्रश्न विचारतील. घरात कुणाला अचानक हार्ट अटॅक आला होता का, लहानपणी आजारपण कसं हाताळलं जायचं. काही वेळा आजचा धागा खरोखरच मागे कुठेतरी जातो, आणि तेव्हा तिकडे जावं लागतं. पण तुमच्या मनाविरुद्ध कुणी ओढून नेऊ शकत नाही. "याबद्दल आत्ता बोलायचं नाही" हे पूर्ण उत्तर आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर जरा जास्तच उदास किंवा थकल्यासारखं वाटलं तर बिचकू नका. बंद कपाट उघडलं की आधी पसाराच दिसतो. पुष्कळ जण इथेच सोडून देतात. दोन-तीन दिवसांत ते जड वाटणं उतरतं. उतरलं नाही तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.

कंपनीत कळेल का? तुम्ही स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळेत जाताय, तर कळायचं काही कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ मध्ये माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. तुमच्या बायकोने फोन केला तरी तुमच्या परवानगीशिवाय त्या काही सांगणार नाहीत. अपवाद असतात, आणि ते आधीच सांगितले गेले पाहिजेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर, न्यायालयाने मागितलं तर, आणि एखाद्या मुलाचं लैंगिक शोषण होतंय असं कळलं तर. या शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. कंपनीनेच काउन्सेलर नेमला असेल तर मात्र त्याच्याकडे जाण्याआधी कोणती माहिती एचआरकडे जाते ते स्पष्ट विचारून घ्या. रस्त्यात भेट झाली तर आम्ही आपणहून ओळख दाखवत नाही. कॉलेज रोडला भाजी घेताना मी कितीतरी जणांच्या शेजारून अनोळखी माणसासारखी गेले आहे. तुम्ही हसलात तर आम्ही हसतो.

व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला मोठे मेसेज लिहून पाठवू नका. उत्तर आलं नाही की राग येतो, आणि ते बोलणं खोलीत व्हायला हवं असतं. वेळ बदलण्यापुरता तो नंबर.

त्या मॅडमचं शिक्षण विचारायला लाजू नका. आपल्याकडे या शब्दांचा फार गोंधळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात शिकलेले डॉक्टर. औषध हेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे त्या विषयाचं विशेष प्रशिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेत, आरसीआयमध्ये, नोंदलेले. काउन्सेलर बहुतेक वेळा मानसशास्त्रात एमए आणि त्यावर काउन्सेलिंगचं प्रशिक्षण घेतलेले असतात. पण दोन दिवसांची कार्यशाळा करूनही लोक पाटी लावतात, म्हणून विचारायचं: कुठे शिकलात, किती वर्षं काम करताय, पॅनिकच्या पेशंटबरोबर काम केलंय का, आणि तुम्ही स्वतः कुणा ज्येष्ठाचं मार्गदर्शन घेता का. या शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याबद्दल मी तरी साशंक राहीन.

त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदा जाऊन या म्हटलं तर "मी एवढा वेडा झालो का" असं मनात येईल. येऊ द्या, पण जा. तुमची झोप गेली आहे आणि काही काळ औषधाची मदत लागू शकते. ही औषधं लागू पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही घेतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडायची नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून मनानेही बंद करायची नाहीत. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. थायरॉइड वाढल्यावर अशीच धडधड होते.

फीचं आधी फोनवरच विचारा. मी एका बैठकीचे ९०० रुपये घेते. यापेक्षा कमी घेणारेही आहेत, जास्त घेणारेही. दहा भेटींचा हिशोब धरा आणि झेपेल का ते बघा. झेपत नसेल तर तसं सांगा, बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात. अगदीच जमणार नसेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी असते. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला, कुणाशी तरी बोलायलाच हवं असं वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

कुठल्या गोष्टी दिसल्या की उठून यायचं तेही सांगते. "पाच भेटींत शंभर टक्के बरं करतो" अशी हमी. वीस बैठकींचे पैसे आगाऊ मागणं. तुमच्यापेक्षा स्वतःच्याच संसाराबद्दल जास्त बोलणं. पत्रिका मागणं. बायकोला सोडा किंवा नोकरी सोडा असं फर्मान काढणं. कुठल्याही कारणाने नको तसा स्पर्श. मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलेली औषधं परस्पर बंद करायला सांगणं. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना लागू असेल त्यांच्यासाठी: समलिंगी आकर्षण "दुरुस्त करून देतो" म्हणणारा कुणीही भेटला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. तो आजारच नाही.

याउलट, नुसतं "मन जुळलं नाही" हेही बदलायला पुरेसं कारण आहे. दोन-तीन भेटी द्या, न पटलेलं एकदा बोलून बघा, आणि तरीही नसेल जमत तर दुसऱ्या कुणाचं नाव त्यांनाच विचारा. देतात. मी देते.

राहिले आईवडील. सांगायलाच हवं असं नाही, तुम्ही सज्ञान आहात. पण एका घरात राहत असाल आणि दर शनिवारी कुठे जातोस असा प्रश्न येणार असेल, तर खोटं बोलण्याचा ताण वेगळाच बसतो. "झोपेसाठी एका मॅडमकडे जातोय, हृदयाच्या डॉक्टरांनी पाठवलंय" एवढं सांगून बघा. ते खरंही आहे. आई सप्तशृंगी गडावर जाऊन देवीला बोलून येईल, किंवा कुणीतरी त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या म्हणेल. माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत दोन्ही चाललेलं असतं. त्यांच्या श्रद्धेशी भांडायची मला कधी गरज वाटलेली नाही. देवीला जाऊ द्या, तुम्हीही जा, फक्त शनिवारची वेळ चुकवू नका, आणि कुणी अंगात आलंय म्हणून मारझोड करणाऱ्या देवऋषाकडे न्यायला लागलं तर स्पष्ट नाही म्हणा.

बायकोला माहीत आहे हे फार चांगलं झालं. पहिल्या भेटीला तिला सोबत नेलंत तरी चालेल, ती बाहेर बसेल. पुढे पुलाच्या पायऱ्या सुरू झाल्या की तिची मदत लागणारच आहे, तेव्हा एखाद्या बैठकीत मॅडम तिलाही बोलावतील.

शनिवारी ईसीजी-इकोची फाइल आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. दुपारनंतर चहा-कॉफी टाळा, धडधडीला निमित्त नको. अंबडहून यायचं म्हणजे त्र्यंबक रोडला गर्दी लागेल, तेव्हा पाऊण तास हातात ठेवून निघा. खालच्याच रस्त्याने गेलात तरी चालेल. आणि बैठक संपल्यावर लगेच घरी जायची घाई करू नका. अर्धा तास कुठेतरी बसा, गोदाकाठी सोमेश्वरला जा नाहीतर नुसती एक चक्कर मारा, आणि जे आठवेल ते फोनमध्ये टिपून ठेवा, न पटलेलंसुद्धा.